विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास : माती आणि भूजल कसे तपासावे

आपण मांडलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. महामार्गालगतच्या पेट्रोल पंपापासून सुमारे सव्वाशे मीटरवर आपली विहीर आहे. काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण, अशी जमीन आहे. गेल्या पावसाळ्यात विहिरीचे पाणी वर चढले तेव्हा त्याला पेट्रोलचा वास येऊ लागला, उन्हाळ्यात तो जवळजवळ गेला आणि यंदाच्या पावसाळ्यात पुन्हा आला. आपण प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत दिले, तेव्हा ‘तेल व ग्रीस आढळले नाही’ असा अहवाल मिळाला, आणि पंपचालक आता त्याच अहवालावर बोट ठेवून हात झटकत आहेत. पंप आणि विहीर यांच्यामध्ये स्वखर्चाने दोन खोल बोअर घेऊन सोक्षमोक्ष लावावा का, असे आपण विचारले आहे.

खोल बोअर मुळीच घेऊ नका. त्याचे कारण आपल्याच निरीक्षणात दडलेले आहे आणि ते पुढे सविस्तर येईल. पण त्याआधी सुरक्षिततेचे सांगणे आवश्यक आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, त्यामुळे ती विहिरीत तळाशी साचून राहते आणि वाऱ्याने सहजी निघून जात नाही. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. म्हणून गाळ काढण्यासाठी किंवा फूटव्हॉल्व्ह पाहण्यासाठी कोणालाही विहिरीत उतरवू नये, मोटारीचा स्टार्टर काठावर असेल तर वीज बंद करून तो दूर हलवून घ्यावा, आणि पाणी ‘पेटते का’ हे पाहण्यासाठी जळता कागद आत टाकण्याचा जो प्रकार गावोगाव चालतो तो कोणालाही करू देऊ नये. हे पाणी पिणे, स्वयंपाक आणि अंघोळ या तिन्हींसाठी बंद ठेवावे. उकळून प्यावे असा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल तर तो चुकीचा आहे. उकळल्याने बेंझीन पाण्यातून निघते खरे, पण ते स्वयंपाकघराच्या हवेत येते आणि श्वासावाटे शरीरात जाते.

आता त्या अहवालाविषयी. ‘तेल व ग्रीस’ ही चाचणी मुळात सांडपाण्यातील जड तेले, वंगण आणि चरबी मोजण्यासाठी आहे. तिच्यात पाण्याचा नमुना हेक्झेनसारख्या द्रावकात घुसळतात, द्रावक वेगळा काढून तो तापवून उडवतात आणि भांड्याच्या तळाशी जे उरेल त्याचे वजन करतात. पेट्रोलचे बहुतेक घटक सुमारे ३५ ते २१० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळणारे आणि अतिशय उडणारे असल्यामुळे द्रावकाबरोबर तेही उडून जातात. म्हणजे या चाचणीने पेट्रोल सापडले नाही याचा अर्थ पेट्रोल नाही असा होत नाही. ही चाचणी पेट्रोल पाहतच नाही. त्यात अर्धवट भरलेली प्लॅस्टिकची बाटली, बर्फाविना झालेला प्रवास आणि दुसऱ्या दिवशी उघडलेले झाकण यांची भर पडली की विद्राव्य बेंझीनपैकी फारसे काही प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतच नाही. पंपचालकांना हा अहवाल दाखवण्यात अर्थ नाही आणि त्यांनीही त्याचा आधार घेण्यात अर्थ नाही.

प्रयोगशाळेकडे मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन हे चार घटक, ज्यांना एकत्रितपणे बीटेक्स म्हणतात, त्यांच्या जोडीला नॅफ्थॅलीन, आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन पेट्रोलच्या (हलक्या घटकांच्या) व डिझेलच्या (जड घटकांच्या) पट्ट्यांत वेगवेगळे मोजून हवेत, असे लेखी कळवावे. यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारी यंत्रे, असलेली प्रयोगशाळा लागते. अहवालावर एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे, चिन्ह आहे एवढ्याने समाधान मानू नये. त्या प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या यादीत नेमक्या याच चाचण्या आहेत का आणि त्यांची मोजण्याची खालची मर्यादा किती आहे, हे नमुना देण्याआधी विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझीनसाठी लिटरला ०.०१ मिलिग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य दिले आहे. ज्या प्रयोगशाळेचे यंत्र ०.१ मिलिग्रॅमच्या खाली पाहू शकत नाही तिचा ‘आढळले नाही’ हा शेरा आपल्या काही उपयोगाचा नाही. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आपल्या आयएस १०५०० या भारतीय मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. त्या मर्यादेच्या आत बसणाऱ्या पाण्यातही बेंझीन या मार्गदर्शक मूल्याच्या कित्येक पट असू शकते.

वासावर किती विसंबावे, हेही येथेच सांगतो. टोल्युइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन यांचा वास पाण्यात अगदी थोड्या प्रमाणात असतानाही, लिटरला मिलिग्रॅमच्या शतांश-दशांशांतही, नाकाला कळतो; बेंझीनचा वास मात्र लिटरला सुमारे १० मिलिग्रॅमपर्यंत गेल्याशिवाय जाणवत नाही, म्हणजे मार्गदर्शक मूल्याच्या हजारपट झाल्यावर. या चौघांत कर्करोगकारक म्हणून निर्विवाद सिद्ध झालेले बेंझीनच आहे, आणि पाण्यात सर्वांत जास्त विरघळून सर्वांत पुढे जाणारेही तेच. त्यामुळे वास आला तर इंधन आहे असे धरावे, पण उन्हाळ्यात वास गेला म्हणून पाणी चांगले झाले असे मुळीच धरू नये.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब मांडतो. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझीन आकारमानाने १ टक्क्यापर्यंत असू शकते. एक लिटर पेट्रोलमध्ये ते सुमारे ८.८ ग्रॅम भरते, आणि तेवढे बेंझीन पूर्ण विरघळले तर जवळजवळ पावणेनऊ लाख लिटर पाणी मार्गदर्शक मूल्यापर्यंत नेण्यास पुरते. दुसऱ्या बाजूने, ताज्या पेट्रोलला अगदी लागून असलेल्या पाण्यातही बेंझीन लिटरला साधारण २० ते २५ मिलिग्रॅमच्या पलीकडे जात नाही, कारण मिश्रणातील प्रत्येक घटक आपल्या वाट्याइतकाच विरघळतो. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्या नमुन्यात ३-४ मिलिग्रॅम आले तर न विरघळलेले पेट्रोल जवळच कुठेतरी अडकून बसले आहे, ०.०३ आले तर आपण प्रदूषित पट्ट्याच्या शेपटाकडे आहात.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पेट्रोल जमिनीखाली चालते कसे. महाराष्ट्राचे सुमारे ८० टक्के क्षेत्र बेसाल्टच्या थरांचे आहे. वरची काळी माती ओली असताना जवळजवळ घट्ट असते, पण उन्हाळ्यात तिला मीटरभर खोल भेगा पडतात आणि त्या भेगांतून सांडलेले इंधन मातीला न भिजवता थेट मुरमात उतरते. मुरमात ते पसरते. त्याखाली काळा पाषाण सलग असेल तर ते त्याच्या माथ्यावरून उताराने सरकते. पाषाणाला सांधे असतील तर त्यांत शिरते. खाली मांजऱ्या खडक (बेसाल्टचाच पोकळ्यांचा, मऊ प्रकार) असेल तर त्याच्या आडव्या भेगांत पसरते. आणि दोन थरांच्या मध्ये लाल गेरू (लाल मातीचा चिकट थर) असेल तर बहुधा त्यावर अडून बाजूला वळते. पेट्रोलची घनता ०.७२ ते ०.७७५ असल्याने पाणी लागले की ते पाण्यावर तरंगते. दख्खनच्या विहिरींत पाण्याची पातळी उन्हाळा आणि पावसाळा यांच्या दरम्यान पाच-सहा मीटर खालीवर होणे नेहमीचे आहे. पाणी खाली गेले की तरंगणारे पेट्रोलही खाली जाते आणि वाटेतल्या प्रत्येक फटीत, मुरमाच्या प्रत्येक कणाला थोडेथोडे चिकटून राहते. पुढच्या पावसाळ्यात पाणी वर आले की हे चिकटलेले पेट्रोल पाण्याखाली सापडते आणि महिनोन्‌महिने विरघळत राहते.

आपले निरीक्षण यात चपखल बसते. पावसाळ्यात पाणी मुरमापर्यंत चढते, मुरमाचे झरे विहिरीत वाहू लागतात आणि वास येतो. उन्हाळ्यात वरचे झरे आटतात, विहिरीला फक्त खालच्या सांध्यांतले पाणी येते आणि वास जातो. यावरून प्राथमिक अंदाज असा बांधता येतो की प्रदूषण आज वरच्या, मुरमाच्या पट्ट्यात आहे आणि खोल झऱ्यांपर्यंत ते अद्याप पोहोचलेले नाही किंवा फार थोडे पोहोचले आहे. आपल्याकडे बोअर घेताना केसिंग पाइप फक्त मुरमापुरता घालतात, तोही बाहेरून सिमेंट न भरता, आणि खाली भोक उघडे ठेवतात. अशी दोनशे-तीनशे फुटांची बोअर प्रदूषित मुरमातून घेतली तर वरचे पेट्रोलयुक्त पाणी केसिंगच्या बाहेरून उतरून खालच्या स्वच्छ सांध्यांत जाईल, म्हणजे तपासणीच प्रदूषणाला वाट करून देईल. खोल बोअरला मी नकार दिला तो यासाठी.

हाच तर्क प्रत्येक ठिकाणी लावू नये. तापी-पूर्णा खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीत बरेचदा उलटे दिसते. पाणी खाली गेले की वाळूच्या कणांत अडकलेले पेट्रोल मोकळे होऊन विहिरीत उतरते आणि उन्हाळ्यात तवंग जाड होतो. गोव्यात आणि कोकणपट्टीत जांभ्यातल्या पोकळ्यांमुळे इंधन फार झपाट्याने पुढे जाते. २०२३ मध्ये गोव्यातील माटवे-दाबोळी भागात विहिरींत आणि नाल्यात इंधन उतरले आणि तिथे आग लागण्यापर्यंत वेळ गेली. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ मध्ये लोकांच्या बोअरच्या पाण्यातच इंधन येऊ लागले होते. इंधनाचा मार्ग जमीन ठरवते, त्यामुळे दुसऱ्या गावाचा तपासणी आराखडा उचलून आपल्याकडे लावता येत नाही.

कामाची सुरुवात कागदांपासून करावी, कारण त्याला खर्च नाही आणि बरेचदा निम्मे उत्तर तिथेच मिळते. पंप किती जुना, टाक्या किती आणि कधी बसवल्या, कधी बदलल्या, टाकीपासून यंत्रापर्यंतचे पाइप लोखंडी की प्लॅस्टिकचे, त्यांची दाबचाचणी शेवटची कधी झाली, हे विचारावे. टाकी नवी आहे हे उत्तर पुरेसे नसते. गळती टाकीपेक्षा पाइपच्या सांध्यांतून आणि टँकर रिकामा करण्याच्या तोंडाशी जास्त वेळा होते, आणि जुन्या टाकीने मुरमात सोडलेले पेट्रोल टाकी बदलल्यानंतरही तिथेच असते. पंपावर रोज सकाळी टाकीत डिप, म्हणजे खुणा असलेली पट्टी, घालून साठा मोजतात. महिन्याला दीड लाख लिटर विक्री असलेल्या पंपावर अर्धा टक्का तूट म्हणजे ७५० लिटर, आणि ती बाष्पीभवन व हाताळणीच्या नावाखाली कोणाच्या नजरेत भरत नाही. म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांची तूट महिनावार मांडून पाहावी. डिपच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावतात, तिच्या नोंदी तर आवर्जून पाहाव्यात. टाकीला किंवा पाइपला भोक असेल आणि पावसाळ्यात भूजल त्याच्या वर चढत असेल तर त्याच भोकातून पाणी आत येते. पावसाळ्यात टाकीत पाणी आणि उन्हाळ्यात साठ्यात तूट, हे दोन्ही एकाच टाकीच्या नोंदीत दिसले तर दुसरा पुरावा शोधण्याची फारशी गरज उरत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये शिरलेले थोडे पाणी इथेनॉलमध्ये मिसळून जाते आणि साध्या पेस्टला ते दिसत नाही, त्यामुळे योग्य पेस्ट वापरली होती का हेही विचारावे. या नोंदी पंपचालक आपल्याला स्वखुशीने दाखवतील असे नाही. पण तपासणीसाठी येणाऱ्या अधिकाऱ्याने त्या मागाव्यात अशी लेखी विनंती आपण करू शकता.

त्याच वेळी पंपाखेरीज इतर शक्यताही प्रामाणिकपणे तपासाव्यात, नाहीतर पुढे त्याच एका मुद्द्यावर सगळे प्रकरण कोसळते. परिसरात बंद पडलेला जुना पंप, गॅरेज, वॉशिंग सेंटर, उलटलेला टँकर, जमिनीखालून गेलेली इंधनवाहिनी यांपैकी काही आहे का, हे जुन्याजाणत्यांकडून कळते. २०२१ च्या सुरुवातीला फलटण तालुक्यात चोरट्यांनी पेट्रोलची वाहिनी फोडली तेव्हा आसपासच्या विहिरींत पेट्रोल उतरले होते. तिथे कोणी फक्त जवळच्या पंपाकडे पाहत बसले असते तर कारण सापडले नसते. आपल्या स्वतःच्या विहिरीवरचे डिझेल इंजिन आणि तेल भरलेली पाणबुडी मोटार हेही संशयित असतातच. पाण्यावर दिसणारा प्रत्येक रंगीत तवंग इंधनाचा नसतो. लोहजीवाणूंमुळे येणारा तवंगही इंद्रधनुष्यासारखा दिसतो. काठीने ढवळला की तो पापुद्र्यासारखा तुटून त्याचे कोनदार तुकडे होतात आणि ते वेगळेच राहतात, तर तेलाचा तवंग फाटला तरी पुन्हा वाहत येऊन मिळतो. ही परीक्षा बादलीत पाणी घेऊन कोणीही करू शकतो.

यानंतर विहिरींची पाहणी. पंपाच्या भोवती पाचशे मीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी व बोअर नकाशावर घ्याव्यात, रात्रभर सर्वांचा उपसा बंद ठेवून एकाच सकाळी प्रत्येकाची पाणीपातळी मोजावी आणि काठांची उंची लेव्हल यंत्राने एका संदर्भाशी जोडावी. पातळी जमिनीपासून किती खोल आहे एवढेच लिहून उपयोग नाही, कारण जमीन चढ-उताराची असते. यातून पाण्याचा वाहण्याचा साधारण कल कळतो. मात्र बेसाल्टमध्ये हा कल म्हणजे अंतिम निकाल मानू नये. ज्या विहिरीचा उपसा सर्वांत जास्त, तिच्याकडे पाणी ओढले जाते, आणि त्यामुळे पंपाच्या वरच्या अंगाची विहीर बिघडलेली आणि खालच्या अंगाची स्वच्छ, असेही घडते. आपली विहीर उपसून पाणी खाली गेले की कठड्यावरून टॉर्चने झरे दिसतात. कोणत्या बाजूचे, किती खोलीवरचे झरे आहेत, मुरमाच्या पट्ट्यावर तेलकट ओघळ आहे का, हे टिपावे आणि बांबूच्या टोकाला बाटली बांधून प्रत्येक झऱ्याचे पाणी, विहिरीच्या पाण्यात मिसळण्याआधी, वेगवेगळे धरावे. हे काम वायुमापक यंत्र आणि ते वापरता येणारा माणूस सोबत असतानाच करावे. पंपाच्या दिशेचा वरचा झरा दूषित आणि तळाचा झरा स्वच्छ निघाला, तर कित्येक बोअरच्या खर्चाइतकी माहिती एका सकाळीत मिळते.

मातीची तपासणी मुख्यतः पंपाच्या आवारात, टाक्या, भरणतोंड आणि पाइपांच्या बाजूने व्हायला हवी, आणि ती पंपाची परवानगी किंवा शासकीय आदेश याशिवाय होत नाही. तिथे खोदताना आधी जमिनीखालच्या पाइप व वायरींचे नकाशे घ्यावे लागतात आणि पहिले मीटर-दीड मीटर हाताने खणावे लागते. प्रत्येक अर्ध्या मीटरला, तसेच रंग, ओल किंवा वास बदलेल तिथे, थोडी माती झिपच्या पिशवीत अर्धी भरून ती पिशवी दहा-पंधरा मिनिटे सावलीत ठेवतात आणि नंतर पिशवीतल्या हवेतील इंधनाची वाफ पीआयडी नावाच्या हातयंत्राने मोजतात. या यंत्राचे आकडे प्रयोगशाळेची जागा घेत नाहीत. कोणत्या खोलीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, एवढे ते नेमके सांगतात. पावसाळी दमट हवेत ते कमी वाचते आणि मिथेन त्याला मुळीच दिसत नाही, म्हणून ज्वलनशील वायूंचे वेगळे यंत्र सोबत लागते. साधारणपणे एका छिद्रातून सर्वाधिक वाचन देणारा एक आणि पाण्याच्या लगेच वरचा एक, असे दोन नमुने पुरतात. ही माती डब्यात भरून पाठवायची नसते. काढल्याबरोबर मोजकी माती, आधीच मिथेनॉल घातलेल्या काचेच्या कुपीत टाकून झाकण लावावे लागते, नाहीतर मुरमातले पेट्रोल हवेत निघून जाते.

निरीक्षण बोअर घ्यायच्याच असतील तर त्या उथळ असाव्यात. मुरूम संपून सलग पाषाण लागला की थांबावे, जाळीदार पाइप उन्हाळ्यातल्या सर्वांत खालच्या पातळीपासून पावसाळ्यातल्या सर्वांत वरच्या पातळीपर्यंत असावा, म्हणजे तरंगणारे पेट्रोल कोणत्याही ऋतूत पाइपात दिसेल, आणि त्यावरचा भाग बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) व सिमेंटने बंद करावा. आपल्याकडे सहज मिळणारी डीटीएच गाडी, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या हॅमरने बोअर घेणारी गाडी, या कामाला दोन कारणांनी गैरसोयीची आहे. तिच्या कॉम्प्रेसरची हवा मातीतली आणि पाण्यातली वाफ उडवून लावते, आणि हॅमरला सतत दिले जाणारे वंगण थेट छिद्रात उतरते. असे हॅमर ऑइल नमुन्यात आले की डिझेलच्या पट्ट्यापलीकडच्या जड हायड्रोकार्बनचा आकडा फुगतो आणि पंपचालकाच्या तज्ज्ञाला संपूर्ण अहवाल खोडून काढायला आयते निमित्त मिळते. दुसरा इलाज नसेल तर त्या वंगणाचाही नमुना बाटलीत घेऊन प्रयोगशाळेला द्यावा, म्हणजे त्याचा ठसा वेगळा ओळखता येईल. पाण्याचा कल काढायला किमान तीन बोअर त्रिकोणात लागतात. भेगाळ खडकात पाच-सहा असल्या तर बरे, त्यांपैकी एक पंपाच्या वरच्या अंगाला अवश्य असावी. तिच्याशिवाय तुलना कशाशी करणार?

पाण्याचे नमुने घेण्याच्या पद्धतीवर मी सर्वांत जास्त भर देतो, कारण प्रयोगशाळेत नंतर काहीच दुरुस्त करता येत नाही. बोअरमधले साचलेले पाणी आधी अगदी मंद उपशाने काढावे. तापमान, पीएच, वाहकता आणि विद्राव्य ऑक्सिजन यांचे आकडे स्थिरावले की नमुना घ्यावा. हवेच्या दाबाने पाणी उडवून घेतलेला नमुना बीटेक्ससाठी बाद समजावा. ४० मिलिलिटरची काचेची कुपी, तिच्यात प्रयोगशाळेने आधीच घातलेले आम्लाचे थेंब, पाण्याची धार कुपीच्या कडेने आणि काठोकाठ, त्यावर फुगीर थेंब उभा राहीपर्यंत. मग झाकण लावून कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारावी. बुडबुडा दिसला तर ती कुपी टाकून नवी भरावी. कुप्या लगेच बर्फाच्या पेटीत ठेवाव्यात. ४ अंशांच्या आसपास ठेवलेला आणि आम्ल घातलेला नमुना १४ दिवसांच्या आत तपासला गेला पाहिजे. कुपीवर जाड मार्करने लिहू नये, कारण त्याच्या शाईतही टोल्युइन-झायलीन असू शकते. आधी स्वच्छ वाटणारी विहीर आणि शेवटी सर्वांत दूषित, असा क्रम ठेवावा. प्रयोगशाळेतून शुद्ध पाण्याची बंद कुपी सोबत आणून ती न उघडता तशीच परत द्यावी; तिच्यात बेंझीन निघाले तर दोष प्रवासात आहे. आणि नमुन्यांची पेटी गाडीत असताना वाटेत पेट्रोल भरायला थांबू नये. ऐकायला हे हास्यास्पद वाटेल, पण हाच प्रश्न उलटतपासणीत विचारला जातो.

बीटेक्सच्या जोडीने नायट्रेट, सल्फेट, विद्राव्य लोह, क्षारता आणि शक्य असेल तर मिथेन मोजून घ्यावे, हा खर्च थोडा आणि लाभ मोठा आहे. जमिनीतले जिवाणू पेट्रोल खातात. एक मिलिग्रॅम बेंझीनसाठी त्यांना सुमारे तीन मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, तो संपला की ते नायट्रेट वापरतात, मग लोह आणि सल्फेटकडे वळतात. खतांमुळे आपल्या शिवारातल्या बहुतेक विहिरींत नायट्रेट भरपूर असते. आजूबाजूच्या पाचही विहिरींत ते आहे आणि फक्त आपल्या विहिरीत नाही, वर लोह वाढलेले आहे, असे दिसले तर पेट्रोल तिथे बराच काळ मुरते आहे असे समजावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जिवाणू आधी इथेनॉल खातात आणि ऑक्सिजन त्यातच संपतो, त्यामुळे बेंझीन जास्त काळ टिकते आणि पुढेपर्यंत जाते. जुन्या अनुभवावरून ‘इतक्या अंतरावर ते पोहोचतच नाही’ असे सांगणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेतलेला नसतो.

पेट्रोल नेमके कोणाचे आणि कधीचे, याचे उत्तर क्रोमॅटोग्रामवरून, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफने काढलेल्या आलेखावरून, काही अंशी मिळते. पेट्रोलचे शिखरपट्टे हलक्या घटकांकडे, डिझेलचे जड घटकांकडे असतात, त्यामुळे इंजिनातले डिझेल आणि पंपाचे पेट्रोल यांत गल्लत होत नाही. देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते. मुरमात अडकलेल्या तेलात शिशाची संयुगे सापडली तर गळतीचा काही भाग त्याआधीचा आहे. एप्रिल २०२० पासून डिझेलमधील गंधक दशलक्षात १० भागांपर्यंत खाली आले, त्यामुळे तरंगणाऱ्या डिझेलचा नमुना मिळाला तर गंधकही वयाचा अंदाज देते. मात्र एका कंपनीचे पेट्रोल दुसरीपासून वेगळे ओळखून दाखवू, असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहावे. एकाच डेपोतून अनेकांना माल जातो.

अधिकाऱ्यांकडे जाताना अर्ज योग्य ठिकाणी द्यावा. पंपाच्या टाक्यांचा परवाना पेट्रोलियम नियम, २००२ खाली पेसो या केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा यंत्रणेकडून मिळतो आणि तिचे मुख्यालय नागपूरलाच आहे. टाक्या व पाइपांची गळतीचाचणी व्हावी ही मागणी तिच्याकडे करावी. विहिरीच्या प्रदूषणाची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात द्यावी, प्रत जिल्हाधिकारी आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला. मंडळाच्या अधिकाऱ्याने जल अधिनियम, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे रीतसर नमुना घ्यावा, असे अर्जात स्पष्ट लिहावे; आपण खासगीत केलेली तपासणी यंत्रणेला हलवण्यासाठी उपयोगी पडते, पण वाद वाढला तर वजन रीतसर नमुन्याला असते. जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केंद्राने अधिसूचित केले आहेत, त्यांचाही उल्लेख करावा. अर्जात ‘पंपाने विहीर खराब केली’ असा निष्कर्ष न लिहिता वास केव्हा आला, पातळी किती होती, कोणत्या झऱ्यातून आला, हे तारखांसह लिहावे. निष्कर्ष नसलेला अर्ज फेटाळणे अवघड जाते.

नमुन्यांची पहिली फेरी आत्ताच, पाणी वर असताना घ्यावी. दुसरी मे महिन्याच्या शेवटी, त्याच जागी, त्याच खोलीवर आणि त्याच प्रयोगशाळेतून. मधल्या काळात विहिरीचा उपसा अचानक बंद करू नये किंवा वाढवूही नये. बंद केला तर आपल्याकडे ओढले जाणारे पाणी शेजारच्या विहिरीकडे वळू शकते, वाढवला तर पेट्रोल अधिक वेगाने आपल्याकडे येते. त्यामुळे काठावर वायुमापकाने धोका नाही याची खात्री करून आजवर होता तेवढाच उपसा चालू ठेवावा. ते पाणी ओढ्यात किंवा गुरांच्या हौदात न सोडता कुठे सोडायचे, हे मंडळाच्या अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे. दर आठवड्याला पाणीपातळी, उपशाचे तास आणि वास यांची वही ठेवावी. मे महिन्यात तळाच्या झऱ्यातही बेंझीन आढळले तर प्रदूषण पाषाणाच्या सांध्यांत उतरले आहे असे समजावे, आणि मग खोल निरीक्षण बोअरचा विचार करावा. पण वरचा मुरूम केसिंग व सिमेंटने पूर्ण बंद करून, आणि पंपाच्या किंवा मंडळाच्या खर्चाने.